विश्लेषण : सोयाबीन काढणीचा हार्वेस्टर पट्ट्याचा घ्यावा की 'हायड्रोस्टॅटिक'? यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी फरक कुठे पडतो?

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक म्हणजे परतीचा पाऊस थांबण्याची आणि दुसरी हार्वेस्टर येण्याची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर एकत्र मिळत नाहीत, आणि शेंगा वाळल्यावर पीक उभे ठेवायला दिवस मोजकेच असतात. त्यामुळे भाड्याचे कम्बाइन हार्वेस्टर आता गावोगावी दिसते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून कापणी-मळणी यंत्रांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाल्याने यंत्र विकत घेऊन भाड्याने चालवण्याचा हिशेब अनेक तरुण आणि शेतकरी गट मांडू लागले आहेत. अशा वेळी विक्रेत्याकडून हमखास ऐकू येणारा शब्द म्हणजे 'सीव्हीटी' किंवा 'हायड्रोस्टॅटिक'. पट्ट्यावर चालणारे जुन्या पद्धतीचे यंत्र बरे की विनागिअरचे नवे? यात खरा फरक काय आणि तो कोणाच्या खिशाला जाणवतो, याचा आढावा.

हार्वेस्टरमध्ये पट्टा नेमके काय काम करतो?

कम्बाइन हार्वेस्टर म्हणजे एका इंजिनवर चालणारी पाच-सहा यंत्रे. पुढे पीक ओढणारे रील, त्याखाली कापणारा कटर बार, पीक आत नेणारा फीडर, मळणीचा ड्रम, दाणे वेगळे करणाऱ्या चाळण्या, भुसा उडवणारा पंखा, आणि हे सारे घेऊन चालणारी चाके. इंजिन एक आणि कामे अनेक, प्रत्येकाचा वेग वेगळा. ही शक्ती वाटून देण्याचे काम भारतातील बहुतेक हार्वेस्टरमध्ये रबरी पट्टे करतात. यंत्राच्या दोन्ही बाजूंची झाकणे उघडली तर लहानमोठ्या पुली आणि त्यांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचे जाळेच दिसते.

पट्टा स्वस्त असतो, हलका असतो आणि चूक झाली तर पोटात घेतो. ड्रममध्ये ओल्या पिकाचा बोळा अडकला किंवा दगड आला तर पट्टा घसरतो, करकरतो, प्रसंगी तुटतो. पण शाफ्ट आणि गिअर वाचतात. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखेच हे आहे. म्हणूनच मळणीच्या भागात पट्टे केवळ भारतीय यंत्रांत नाहीत. युरोप-अमेरिकेतील महागड्या यंत्रांतही ते वापरले जातात. तेव्हा 'पट्टा म्हणजे जुनाट' हा समज पहिल्याच पायरीवर बाजूला ठेवायला हवा.

मग 'सीव्हीटी' म्हणजे काय?

गिअरबॉक्समध्ये वेगाच्या ठरावीक पायऱ्या असतात : पहिला, दुसरा, तिसरा गिअर. 'कंटिन्युअसली व्हेरिएबल ट्रान्समिशन' म्हणजे सीव्हीटीमध्ये पायऱ्या नसतात, उतार असतो. वेग हवा तेवढा, हळूहळू आणि न अडखळता कमी-जास्त करता येतो. महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. १९८४ मध्ये बाजारात आलेली विनागिअरची कायनेटिक होंडा आठवत असेल, तर तिच्यात हेच होते. आज गल्लीगल्लीत धावणाऱ्या पेट्रोलवरच्या बहुतेक स्कूटींमध्येही हेच आहे. दोन पुली, मध्ये इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा पट्टा, आणि पुलीच्या दोन बाजू जवळ-दूर सरकल्या की पट्टा वर-खाली होऊन वेग बदलतो.

गंमत अशी की, आपल्याकडे 'पट्ट्याचे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्वेस्टरच्या चाकांच्या वेगासाठीही नेमकी हीच व्यवस्था असते. तिला 'व्हेरिएटर' म्हणतात. चालक तरफ ओढतो, हायड्रॉलिक सिलिंडर पुलीची बाजू सरकवतो आणि त्याच गिअरमध्ये यंत्राचा वेग कमी-जास्त होतो. म्हणजे पट्ट्याचे हार्वेस्टर हेसुद्धा एका अर्थाने सीव्हीटीच आहे. त्यामुळे 'पट्टा की सीव्हीटी' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. खरा प्रश्न आहे तो 'पट्ट्याचा व्हेरिएटर की तेलावर चालणारे हायड्रोस्टॅटिक' असा.

हायड्रोस्टॅटिक कसे वेगळे?

हायड्रोस्टॅटिक यंत्रणेत इंजिन एक पंप फिरवते. पंप तेल प्रचंड दाबाने मोटरकडे ढकलतो आणि मोटर चाके फिरवते. पंपातील एका तबकडीचा कल बदलला की तेलाचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर वेगही. तबकडी सरळ केली की यंत्र थांबते, उलट्या बाजूला कलली की मागे जाते. क्लच नाही, गिअर टाकणे नाही. एकाच दांड्याने पुढे, थांबा, मागे. भाताच्या चिखलात चालणारी, रबरी साखळीची कुबोटा डीसी-६८जी सारखी यंत्रे याच पद्धतीची आहेत. राज्यात चालणाऱ्या ऊसतोडणी यंत्रांतही चाल तेलाच्या दाबावरच असते.

तिसरा प्रकार गिअर आणि तेल यांच्या संगमाचा. १९९० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या फेन्ट कंपनीने तो ट्रॅक्टरमध्ये आणला. अमेरिकेत केस आयएच कंपनीने २००३ मध्ये आपल्या मोठ्या 'एएफएक्स ८०१०' हार्वेस्टरमध्ये चाकांसाठी नव्हे, तर मळणीच्या रोटरसाठी पट्टा काढून सीव्हीटी बसवली. शेकडो हेक्टरचे सलग शेत आणि दिवसभर पूर्ण क्षमतेने चालणारे यंत्र, या गणितात ती बसते. यवतमाळच्या बाजारात निवड करायची आहे ती मात्र पहिल्या दोन प्रकारांतच.

वेग बदलण्याची एवढी गरज का?

ट्रॅक्टर हळू चालवायचा तर चालक रेस कमी करतो. हार्वेस्टरमध्ये तसे करता येत नाही. रेस कमी केली की ड्रम मंद होतो, चाळण्या मंद होतात, पंखा मंद होतो. मग शेंगा न फुटता मागून बाहेर पडतात किंवा दाण्यात कचरा येतो. म्हणून इंजिनाचे फेरे कायम ठेवून फक्त चालीचा वेग बदलावा लागतो. पीक दाट आले की हळू, विरळ आले की जलद. गवत, तण किंवा लोळलेला भाग आला की आणखी हळू.

सोयाबीनमध्ये हे अधिक महत्त्वाचे. गव्हाची ओंबी वर असते, सोयाबीनच्या शेंगा मात्र खोडाला खालपासून लागतात. कटर बार जमिनीलगत न्यावा लागतो. वेग जास्त झाला की पाते खोड कापण्याऐवजी ओढते, शेंगा फुटतात, खालच्या शेंगा खुंटावरच राहतात. त्यामुळे सोयाबीनमध्ये ताशी साधारण ३ ते ५ किलोमीटर हीच चाल योग्य मानली जाते, आणि रीलचा वेग चालीपेक्षा किंचितच जास्त हवा. कम्बाइनने होणाऱ्या सोयाबीनच्या नुकसानीचा मोठा वाटा मळणीत नव्हे, तर यंत्राच्या पुढच्या टोकालाच होतो.

व्हेरिएटर हे काम करू शकतो. फक्त त्याची मर्यादा अशी की एका गिअरमध्ये त्याचा पल्ला ठरलेला असतो. पल्ला संपला की क्लच दाबून गिअर बदलावा लागतो. चालक कंटाळतो, गिअर बदलत नाही आणि आहे त्याच वेगाने यंत्र दामटतो. हायड्रोस्टॅटिकचा खरा फायदा इथे आहे : चालकाला हळू होण्याचा कंटाळा येत नाही.

शेतकऱ्याच्या हिशेबात याची किंमत किती?

यासाठी सोपी चाचणी आहे. यंत्र गेल्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखावा आणि त्यातले जमिनीवर पडलेले व खुंटावरील शेंगांतले दाणे मोजावेत. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन साधारण १२ ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला एक दाणा म्हणजे एकरी सुमारे अर्धा किलो. ४० दाणे सापडले तर एकरी २० किलोच्या आसपास माल मातीत गेला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. म्हणजे एकरी हजार रुपयांहून अधिक नुकसान. काढणीआधी आपोआप गळलेले दाणे किती हे उभ्या पिकात आधी मोजून त्यातून वजा करावे, म्हणजे यंत्राचा वाटा कळतो.

आता डिझेलचा हिशेब. पट्ट्याची कार्यक्षमता चांगली, ९० टक्क्यांहून अधिक. हायड्रोस्टॅटिकमध्ये तेल तापते, शक्ती वाया जाते. कार्यक्षमता ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास. चाकांना २० अश्वशक्ती लागते असे धरले, तर तेलाच्या यंत्रणेला इंजिनाकडून सुमारे ४ अश्वशक्ती जास्त घ्यावी लागते. म्हणजे तासाला साधारण ०.९ लिटर जादा डिझेल. १४ फुटी कटर बारचे यंत्र ताशी ४ किलोमीटर चालले आणि वळणे-थांबणे धरून ६५ टक्के वेळ कापणीत गेला, तर तासाला पावणेतीन एकर होते. डिझेलचा फरक मग एकरी एक तृतीयांश लिटर, म्हणजे तीसेक रुपये.

एका बाजूला तीस रुपये, दुसऱ्या बाजूला हजार. 'हायड्रोस्टॅटिक डिझेल पिते' ही तक्रार खरी असली तरी मुद्दा तो नाही. मुद्दा हा की यंत्र कोणतेही असो, चालक वेग आवरतो का?

मग सगळ्यांनी हायड्रोस्टॅटिकच घ्यावे का?

तसे नाही, कारण हिशेबाची दुसरी बाजू बिघाडाची आहे. वरच्या गणितानुसार यंत्र दिवसाला आठ तास चालले तर वीस-बावीस एकर होतात. ऐन हंगामात यंत्र एक दिवस बंद म्हणजे वीस एकर सोयाबीन उभे. त्या रात्री पाऊस आला तर शेंगेतच दाणे फुगतात, डागाळतात, कधी कोंबही फुटतात.

पट्टा तुटला तर चालकाकडे जादा पट्टा असल्यास तासा-दोन तासांत काम सुरू होते. नसला तरी यवतमाळ, पुसद, वणी किंवा नागपूरहून तो आणता येतो, आणि बसवायला गावचा मिस्त्री चालतो. किंमतही हजारांत. हायड्रोस्टॅटिकचा पंप किंवा मोटर सहसा बिघडत नाही. पण बिघडली तर शेतात उघडता येत नाही. आतले भाग इतक्या बारीक मापाचे असतात की धुळीचा कण गेला तरी ओरखडे पडतात. ती स्वच्छ कार्यशाळेतच उघडावी लागते, दुरुस्तीचा खर्च लाखांत जाऊ शकतो आणि यंत्र दिवसेंदिवस उभे राहते.

म्हणजे पट्टा वारंवार पण थोडा त्रास देतो. हायड्रोस्टॅटिक क्वचित पण मोठा. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे आणि सेवा केंद्र दीडशे किलोमीटरवर आहे, त्याला पहिला त्रास परवडतो. ज्याच्याकडे दोन-तीन यंत्रे आहेत आणि कंपनीचा माणूस हंगामात दुसऱ्या दिवशी येतो, त्याने दुसऱ्याचा विचार करावा. खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर 'ऑक्टोबरमध्ये पंप गेला तर किती तासांत माणूस येईल?' हा असावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

काळ्या मातीत कोणते यंत्र टिकते?

जिल्ह्यातील बरीच जमीन भारी, काळी. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले तरी वरून वाळलेली, आतून ओली. चाकांचे मोठे हार्वेस्टर सात-आठ टनांच्या पुढचे असते. अशा जमिनीत ते रुतते, खोल चाकोऱ्या पाडते आणि त्याच वावरात हरभरा पेरायचा तर त्या चाकोऱ्या पुढे त्रास देतात.

रुतण्याच्या वेळी दोन्ही यंत्रणांची परीक्षा होते. पट्ट्याच्या यंत्रात चाक अडकले की व्हेरिएटरचा पट्टा घसरतो, तापतो, झिजतो. चालक क्लचवर खेळत राहिला तर क्लचही जातो. हायड्रोस्टॅटिकमध्ये हळूहळू जोर देता येतो, क्षणात मागे घेता येते. लहान शेत, अरुंद धुरा, मध्येच विहीर किंवा झाड, सतत मागे-पुढे करणे, अशा ठिकाणी हा फरक चालकाला दिवसातून शंभरदा जाणवतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. पंजाबच्या सलग गव्हाच्या शेतासाठी बनलेल्या यंत्राला इथे वळण्यातच वेळ जातो.

मात्र ओल्या रानात रबरी साखळीचे यंत्र आणि चाकांचे यंत्र यांतला फरक हा पट्टा-हायड्रोस्टॅटिक फरकापेक्षा मोठा असतो. जमीन दबण्याची चिंता असेल तर आधी यंत्राचे वजन आणि टायरची रुंदी पाहावी, ट्रान्समिशन नंतर.

ड्रमचा वेग आणि घरचे बियाणे यांचा काय संबंध?

चालीपेक्षाही शेतकऱ्याच्या हिताचा वेग म्हणजे ड्रमचा. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. जोरात मार बसला तर दाणा फुटतो. न फुटलेल्या दाण्यातही आत तडा जातो आणि तो उगवत नाही. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमची गती मिनिटाला साधारण ३५० ते ४५० फेऱ्यांच्या आसपास आणि दाण्यातील ओलावा १३ ते १५ टक्के असावा, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ देतात. गव्हासाठी हाच ड्रम याच्या जवळपास दुप्पट वेगाने फिरवला जातो.

गव्हाच्या जोडणीवर असलेले यंत्र तसेच सोयाबीनमध्ये घातले तर काय होईल, हे यावरून समजावे. काही हार्वेस्टरमध्ये ड्रमसाठीही पट्ट्याचा व्हेरिएटर असतो आणि चालक बसल्या जागी वेग बदलू शकतो. काहींत पुली काढून बदलावी लागते. हंगामाच्या घाईत पुली बदलायला कोणी थांबत नाही. हायड्रोस्टॅटिक असा शिक्का असलेल्या यंत्रातही तेलाची यंत्रणा बहुतेकदा फक्त चालीसाठी असते. ड्रम पट्ट्यावरच फिरतो. त्यामुळे यंत्र 'विनागिअर' आहे म्हणून दाणा फुटणार नाही, असे समजणे चूक. घरचे बियाणे ठेवायचे असेल तर तेवढा भाग हाताने सोंगून कमी फेऱ्यांवर मळावा, किंवा चालकाला ड्रमचे फेरे दाखवायला सांगून मगच यंत्र वावरात घालावे.

फुटलेल्या दाण्याचा फटका विक्रीतही बसतो. हमीभाव केंद्रावर काडीकचरा, फुटका दाणा आणि ओलावा तपासला जातो. ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या खरीपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. हार्वेस्टरचा माल थेट ट्रॉलीत पडतो, त्याला गंजीत वाळण्याची संधी मिळत नाही. म्हणून यंत्राने काढलेला माल ताडपत्रीवर वाळवणे हा खर्च धरूनच चालावे.

सगळ्याच शेतांत हार्वेस्टर चालते का?

नाही, आणि यवतमाळसाठी ही सर्वांत मोठी अडचण आहे. कापूस हाताने वेचला जातो. त्यात या यंत्राचे काम नाही. सोयाबीनमध्येही तुरीचे आंतरपीक घेणारे शेतकरी पुष्कळ. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते, तूर पुढे डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. १४ फुटांचा कटर बार म्हणजे ४५ सेंटीमीटर अंतराच्या नऊ ओळी. दर चार-सहा ओळींनंतर तूर असेल तर मोठे यंत्र जाणारच नाही. सुमारे दोन मीटर रुंदीची छोटी यंत्रे आहेत, पण त्यांच्यासाठीही ओळींची मांडणी पेरणीच्या वेळीच ठरवावी लागते. म्हणजे हार्वेस्टरचा निर्णय ऑक्टोबरमध्ये नव्हे, जूनमध्ये घ्यायचा असतो.

वाणाचेही तसेच. खालच्या शेंगा जमिनीपासून जितक्या उंच, तितके नुकसान कमी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे 'एमएयूएस १६२' हे उंच वाढणारे वाण यंत्राने काढणीस योग्य म्हणून पुढे आले. हरभऱ्यात राहुरीचे 'फुले विक्रम' आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे 'पीडीकेव्ही कनक' ही उंच, सरळ वाढणारी वाणे याच उद्देशाने आली. बुटके, पसरट वाण पेरून उत्तम हार्वेस्टर बोलावले तरी दाणे मातीतच राहणार.

आणखी एक मुद्दा कुटाराचा. हार्वेस्टर कुटार वावरात पसरवून जाते. मातीला ते चांगले. पण घरी जनावरे असतील तर उन्हाळ्याचा चारा गेला. ज्यांच्या दावणीला बैलजोडी आहे ते अजूनही सोंगणी करून थ्रेशरने मळतात, ते यासाठीच. त्यांना मागासलेले म्हणण्याचे कारण नाही.

यंत्र घेणाऱ्याने काय पाहावे?

कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अवजारांसाठी साधारण ४० ते ५० टक्के, पण ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान मिळते. जीएसटी कपातीने २५ लाख मूळ किमतीच्या यंत्रामागे पावणेदोन लाखांचा भार कमी झाला. पण अनुदान आणि कर एकदाच मिळतात. यंत्र आठ-दहा वर्षे चालवायचे असते.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत कम्बाइनची चाचणी होते. तिच्या अहवालात दाण्याचे नुकसान, फुटीचे प्रमाण, डिझेलचा वापर आणि चाचणीदरम्यानचे बिघाड नोंदवलेले असतात. मात्र चाचणी कोणत्या पिकात झाली हे पाहावे. गहू-भातातील आकडे सोयाबीनला लागू होत नाहीत. विक्रेत्याकडे अहवालाची प्रत मागावी आणि शक्य असल्यास सोयाबीनच्या वावरात प्रात्यक्षिक पाहून वर सांगितलेली दाणे मोजण्याची चाचणी स्वतः करावी.

पट्ट्याचे यंत्र असेल तर हंगामापूर्वी सर्व पट्ट्यांचा ताण व पुलींची सरळ रेषा तपासावी, प्रत्येक मापाचा एक जादा पट्टा सोबत ठेवावा आणि व्हेरिएटरची तरफ यंत्राचे पट्टे फिरत असतानाच हलवावी. हायड्रोस्टॅटिक असेल तर तेल आणि फिल्टर कंपनीने दिलेल्या तासांवर बदलावेत, तेल थंड करणारी जाळी रोज हवेने साफ करावी, आणि तेल ओतण्याचे भांडे-कापड स्वच्छ असावे. दोन्हींत वाळलेले कुटार इंजिनाभोवती साचू देऊ नये. घासणारा पट्टा किंवा तापलेले बेअरिंग आणि त्यावर कोरडा भुसा, यातून उभ्या शेतात यंत्राने पेट घेण्याचे प्रसंग घडतात.

भाड्याने घेणाऱ्याच्या हाती काय आहे?

बहुतेक वाचक यंत्र विकत घेणारे नाहीत, भाड्याने बोलावणारे आहेत. ऑक्टोबरमध्ये पंजाब-हरियाणाकडची यंत्रे मध्य प्रदेशमार्गे महाराष्ट्रात येतात. मालकाचे उत्पन्न एकरावर असते, म्हणून त्याला घाई असते. दाणे मातीत गेले तर नुकसान शेतकऱ्याचे. ही घाई कोणतेही ट्रान्समिशन सोडवू शकत नाही. ते सौद्यातच सोडवावे लागते.

दर ठरवतानाच चाल, ड्रमचे फेरे आणि कटर बारची उंची यांबद्दल बोलून घ्यावे. पहिल्या शंभर फुटांवर यंत्र थांबवून दाणे मोजावेत. जास्त सापडले तर वेग कमी करायला सांगावा, रील किंवा ड्रम जुळवायला सांगावा, आणि पुन्हा मोजावे. सकाळी दव असताना खोडे चिवट असतात, पट्टे घसरतात, मळणी नीट होत नाही. त्यामुळे दव उडाल्यावरच सुरुवात करावी. एका गावातील दहा शेतकऱ्यांनी मिळून सलग चाळीस-पन्नास एकर एकत्र दिले, तर मालकाचा फिरण्याचा वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ 'हळू चालव' या अटीच्या बदल्यात मागता येतो.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पावसाने नेलेले पीक परत आणणे कोणाच्या हाती नाही. पण पावसातून वाचलेल्या पिकातले एकरी वीस किलो यंत्रामागे सांडू न देणे हे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी यंत्र पट्ट्याचे की तेलाचे हे पाहण्याआधी, यंत्रामागे वाकून मातीतले दाणे मोजणे अधिक उपयोगाचे.